भाच्यासाठी यादी

परवा ठाण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, सिंफन्या पुष्कळ झाल्या. आता जरा चेंबर म्युझिक घ्यावं म्हणतोय. कुठल्या रेकॉर्ड्स घेऊ? तू यादी करून दे."

नोकरीत स्थिरावल्यापासून हा गडी तबकड्या जमवायच्या नादाला लागलाय. बीथोवनच्या नऊच्या नऊ सिंफन्या, मोत्सार्टच्या शेवटच्या तीन, ड्वोर्झाकची नववी, स्मेतानाची 'व्हल्तावा'... फडताळ भरत आलंय. मोबाइलवर सगळं मिळत असताना हा पैसे का घालवतो, असं माझ्या बहिणीला वाटतं. मला तसं वाटत नाही. पैसे मोजून आणलेली रेकॉर्ड माणूस लक्ष देऊन ऐकतो, असा माझा तरी अनुभव आहे.

'देतो' म्हटलं आणि कागद घेऊन बसलो. पन्नास वर्षं ऐकतोय, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण चार दिवस लागले. का लागले, तेच आज सांगायचंय.

चेंबर म्हणजे खोली. खोलीत बसून दोघातिघांनी, फार तर आठ-नऊ जणांनी वाजवायचं हे संगीत. प्रत्येकाची ओळ वेगळी आणि समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. आपल्याकडे मैदानावरचा जलसा आणि घरातली बैठक यांत जो फरक, साधारण तोच इथेही. यातला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो.

मी मराठी माध्यमातला, बी.ए.ही मराठी घेऊनच केलेलं. माझा या संगीताशी संबंध आला तो गिरगावातल्या आमच्या शाळेमुळे. संगीत शिकवायला एक गोवेकर सर होते, प्रार्थनेला व्हायोलिन वाजवायचे. १९७६ साली एका रविवारी ते मला धोबीतलावच्या आपल्या बिऱ्हाडी घेऊन गेले. दहा बाय बाराची खोली, पलंग भिंतीला सरकवलेला आणि चौघे जण गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. मी दारातल्या स्टुलावर. त्यांनी हायडन वाजवला. मला ओ की ठो कळलं नाही, पण एक गोष्ट दिसली. वाजवताना ते एकमेकांकडे बघत होते. एक बोलला की दुसरा ऐकत होता. वर्गात मी मुलांना जे वर्षभर सांगायचो, ते हे चौघे करत होते!

तेव्हापासून नाद लागला. पगारातून वाचवून काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून वर्षाला दोन-तीन रेकॉर्ड्स आणायचो. ते दुकान २०१६ साली बंद झालं. असो.

तर यादी.

पहिला हायडन. ओपस ७६ मधला तिसरा क्वार्टेट, १७९७ चा, 'एम्परर' नावाने ओळखतात. याच्या दुसऱ्या भागात एकच चाल आहे, आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे ती. पहिलं व्हायोलिन ती सांगतं. मग ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, मग चेलोकडे, मग व्हिओलाकडे, आणि शेवटी पुन्हा पहिल्याकडे येते. चाल बदलत नाही, भोवतीची सोबत बदलते. नवख्याला चार वाद्यांचे चार आवाज ओळखायला शिकवणारा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आमाडेउस क्वार्टेटची रेकॉर्ड घ्यावी. नाहीतर नॅक्सॉसची कोडाय क्वार्टेटची सीडी, स्वस्तातली आहे म्हणून कमी समजू नये.

दुसरा शूबर्टचा 'ट्राउट' क्विंटेट, १८१९ चा. त्याने स्वतःच्याच एका गाण्याची चाल इथे चौथ्या भागात खेळवली आहे. या पाचांत पियानो आहे आणि डबल बासही. रेकॉर्ड क्लिफर्ड कर्झन आणि व्हिएन्ना ऑक्टेटच्या वादकांची. पण त्याआधी १९६९ साली लंडनला झालेल्या मैफलीची फिल्म बघावी. बारेनबॉइम, पर्लमन, झुकरमन, जॅकलिन द्यु प्रे, सगळे पोरसवदा, आणि डबल बासवर कोण, तर आपले मुंबईचे झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९४० साली मुंबईत बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं होतं. म्हणजे हे संगीत या शहराला अगदीच परकं नाही.

तिसरा ब्राम्सचा क्लॅरिनेट क्विंटेट. ब्राम्सने आता पुरे म्हणून लिहिणं थांबवायचं ठरवलं होतं. मग म्यूलफेल्ड नावाच्या वादकाचा क्लॅरिनेट त्याने ऐकला आणि १८९१ साली हे लिहिलं. तेव्हा त्याचं वय अठ्ठावन्न, आम्हा शिक्षकांचं निवृत्तीचं वय! रेजिनल्ड केल आणि बुश क्वार्टेट यांची १९३७ ची रेकॉर्ड.

चौथा बीथोवन, ओपस १३२, १८२५ चा. तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मोठ्या आजारातून उठल्यावर लिहिलेला मधला संथ भाग यात आहे. हाही बुश क्वार्टेटचा, १९३७ चाच. आडोल्फ बुश जर्मन, स्वतः ज्यू नव्हता, तरी १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनीत वाजवणं थांबवलं. त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची, म्हणजे हा लांबलचक भाग तुकड्यातुकड्याने वाजवावा लागला असणार. ऐकताना ते जाणवतसुद्धा नाही.

इथवर एका बैठकीत झालं. पाचवं नावही ठरलेलं होतं. स्मेतानाचा पहिला क्वार्टेट, 'माझ्या आयुष्यातून', १८७६ चा. भाच्याकडे 'व्हल्तावा' आहेच, तोच हा संगीतकार. १८७४ साली पन्नाशीत त्याचे दोन्ही कान गेले. या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात सगळे आनंदात नाचत असतात, आणि मध्येच सारं थांबतं. खाली तिघे थरथरत राहतात, आणि वर पहिलं व्हायोलिन एकच अतिउंच स्वर धरून ठेवतं. बहिरेपण येताना त्याच्या कानात जी शिट्टी वाजायची, ती त्याने लिहून ठेवली आहे.

यादीत लिहिण्यापूर्वी एकदा खात्री करावी म्हणून मी ती तबकडी लावली. स्मेताना क्वार्टेटचीच, सुप्राफोनची. आणि तिथे अडलो.

आता कबुली देतो. गेली तीन वर्षं मी कानाला यंत्र लावतो. म्हातारपणी उंच स्वर आधी जातात. स, श, फ ही अक्षरं विरतात. नातीने 'साखर' म्हटलं की मला 'आखर' ऐकू येतं. ऑर्केस्ट्रा तर मी सोडूनच दिलाय, त्याचा नुसता गोळा होतो. चौघांचं वाजवणं मात्र अजून सुटंसुटं कळतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

यंत्र लावून ऐकलं, तर तो स्वर तुटत होता, थरथरत होता. ऑडिओलॉजिस्ट बाईंना विचारलं. त्यांनी समजावलं, की यंत्राचा आवाज निसटून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती दाबायची सोय यंत्रातच असते. लांबवलेला उंच स्वर यंत्राला कधी कधी ती शिट्टीच वाटते. म्हणजे स्मेतानाने जे मुद्दाम लिहिलं, ते माझं यंत्र चूक समजून खोडत होतं. तपासणाऱ्या मास्तरची अशी चूक मीही वर्गात केली असेल.

मग यंत्र काढून ऐकलं. स्वर लागला, सरळ, अखंड. मला बरं वाटलं. भाग संपला, मी सुई उचलली. स्वर चालूच होता.

तो माझ्या कानातला होता. कधीपासून वाजत होता, मला सांगता येईना.

दोन दिवस यादी तशीच पडून होती. ज्याला रेकॉर्डमधला स्वर आणि स्वतःच्या कानातली शिट्टी वेगळी करता येत नाही, त्याने दुसऱ्याला काय ऐकावं ते सांगायचं? ही सगळी नावं मी आजच्या कानाने नाही, आठवणीने लिहितोय. गेल्या वीस वर्षांत कितीतरी चांगल्या नव्या रेकॉर्ड्स आल्या असतील. त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझा उरलेला नाही. शेवटी यादीखाली तसं स्वच्छ लिहिलं आणि भाच्याला फोन केला. "पहिल्या चार तुझ्या तू घे. पाचवी विकत घेऊ नकोस, माझी ने. पण आधी इथे बसून ऐक."

बाईंनी यंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली, शिट्टी दाबणं बंद ठेवलेली. रविवारी भाचा आला. त्याला म्हटलं, "शेवटच्या भागात तो उंच स्वर आला की बोट वर कर. संपला की खाली."

"मामा, शाळेत असल्यासारखं वाटतंय," तो हसत म्हणाला.

त्याने बोट वर केलं. मला स्वर ऐकू आला, बारीक, पण आला. त्याने बोट खाली केलं. मला अजून काहीतरी ऐकू येत होतं. पण कुठे काय संपलं, ते या वेळी कळलं होतं.

तबकडी तो घेऊन गेलाय. महिन्यातून एकदा घेऊन यायचं कबूल केलंय. बोटासकट.