चाळीस मिनिटांचा खेळ

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा असतो. वीस मिनिटांचा पूर्वार्ध, पाच मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा वीस मिनिटांचा उत्तरार्ध. एवढ्या अवधीत जयापजयाचा निवाडा होऊन जातो. परंतु या चाळीस मिनिटांसाठी मराठवाड्यातील विद्यार्थी-खेळाडूंना कधी कधी दीड-दोन दिवस आगगाडीच्या डब्यात काढावे लागतात. प्रेक्षकांना मैदानावरची चढाई दिसते, पकड दिसते. मैदानापर्यंतची वाट मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वस्तुतः ती वाटही खेळाडूची परीक्षाच पाहत असते, आणि तिचे नियम कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसतात.

नांदेड येथे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९४८ साली याच तारखेला हैदराबाद संस्थानातील जनता निजामी राजवटीतून मुक्त झाली होती. त्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या संन्याशाचे नाव विद्यापीठाने धारण केले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. उदगीर, अहमदपूर, कंधार, लोहा, मुखेड अशा गावांतील मुले या महाविद्यालयांतून शिकतात आणि खेळतातही. आधी महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, त्यापुढे पश्चिम विभागाची स्पर्धा, आणि तेथे यश लाभले तर अखिल भारतीय स्पर्धा. अशी ही पायऱ्यापायऱ्यांची चढण आहे. शेवटच्या पायरीवर पाऊल ठेवण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. म्हणूनच ती स्पर्धा दिल्लीकडे किंवा पंजाब-हरियाणात भरणार असे कळले, की संघातील प्रत्येकाच्या घरी आनंद आणि काळजी ही दोन्ही एकदमच प्रवेश करतात.

लातूरकडची मुले पहाटे एस. टी.ने निघतात. अहमदपूर आणि लोहा मागे टाकून बस नांदेडला पोचते. मुलांच्या पिशव्यांत खेळाचा पोशाख आणि पट्ट्या असतातच; परंतु त्यांच्या वर आईने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो. थंडीच्या कपड्यांविषयी मात्र या मुलांची कल्पना बेताचीच असते. मराठवाड्यातील हिवाळा म्हणजे पहाटेची शेकोटी आणि दुपारचे कोवळे ऊन. एक स्वेटर असला म्हणजे पुष्कळ झाले, असे त्यांना वाटते. उत्तरेकडची थंडी अशी दुपारी रजा घेत नाही, हे त्यांना पुढे कळायचे असते.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस ही या भागाची उत्तरेकडे जाणारी मोठी वाट आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्यामुळे गोदावरीकाठचे हे नगर शीख बांधवांचे तीर्थक्षेत्र बनले, आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरील अमृतसरशी त्याचा जिव्हाळ्याचा संबंध जडला. गाडी सकाळी नांदेड सोडते. परभणी, जालना, मनमाड, भुसावळ अशी ओळखीची स्थानके दिवसभरात मागे पडतात. डब्यात गाणी चालतात, भेंड्या रंगतात, कोणी मागच्या सामन्यातील एखाद्या पकडीचे वर्णन दहाव्यांदा करतो. रात्री खांडवा, इटारसी, भोपाळ ही गावे झोपेतच निघून जातात. सकाळी डोळे उघडतात तेव्हा गाडी झाशीच्या पुढे आलेली असते, आणि खिडकीबाहेर काहीच नसते! झाड नाही, शेत नाही, तारेचा खांब नाही. जणू कोणी खिडकीच्या काचेवर पांढरा चुना फासून ठेवला आहे. गाडी थांबली आहे की सरकते आहे, हेही क्षणभर उमगत नाही.

हे उत्तर भारतातील धुके होय. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत गंगा-यमुनेच्या मैदानावर त्याचे राज्य असते. त्याचा उगम पाहू गेल्यास तो फार दूरवर सापडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात वादळी वाऱ्यांची आवर्तने पूर्वेकडे सरकत येतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ती हिमालयावर बर्फ टाकतात आणि खालच्या मैदानात पाऊस शिंपडतात. वादळ निघून गेले, की आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो. रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. ओल्या शेतांवरची दमट हवा थंडावते, आणि तिच्यातील बाष्प धुळीच्या व धुराच्या सूक्ष्म कणांभोवती गोठा करून अगदी बारीक थेंबांच्या रूपाने तरंगत राहते. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, अशी स्थिती झाल्याने ते धुके वर जाऊ शकत नाही. पन्नास मीटरांपलीकडचे दिसेनासे झाले, म्हणजे हवामान खाते त्याला अतिदाट धुके म्हणते. पन्नास मीटर म्हणजे किती? कबड्डीची चार मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली, तर चौथ्याच्या टोकाचा खेळाडू दिसायचा नाही, एवढेच.

अशा धुक्यात इंजिनचालकाला सिग्नल दिसत नाही. पूर्वीपासून रेल्वेने यावर एक साधा उपाय योजला आहे. सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे रुळावर लहान फटाके बसवतात. इंजिनाचे चाक त्यांवरून गेले, की ते मोठ्याने वाजतात आणि पुढे सिग्नल आहे असे चालकाला कळते. जे डोळ्यांना दिसत नाही, ते कानांना ऐकवायचे, अशी ही युक्ती. अलीकडे उपग्रहांच्या साहाय्याने गाडीचे स्थान ओळखून येणाऱ्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारे यंत्रही इंजिनात ठेवतात. तरीसुद्धा गाडीला आपला नेहमीचा वेग आवरावा लागतो. एक गाडी मंदावली, की तिच्या मागच्या साऱ्या गाड्या मंदावतात. तासाचे दोन तास होतात, दोनाचे सहा होतात.

संघाच्या डब्यात आता गाणी बंद पडलेली असतात. उद्या सकाळी पहिला सामना. वेळेवर हजर न राहणाऱ्या संघाच्या प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल द्यावी, असा स्पर्धेचा नियम. म्हणजे वर्षभर मातीत अंग घासून मिळवलेली ही संधी मैदानावर पाऊल न ठेवताच हातची जायची! कोणी सारखे घड्याळाकडे पाहतो. कोणी दाराशी जाऊन धुक्यात डोकावतो आणि कुडकुडत परत येतो. कोणी चालकाला दोष देतो, कोणी नशिबाला. ‘एवढे काय भ्यायचे? रूळ तर सरळच आहेत, जरा जोरात न्यायला काय हरकत आहे?’ असा प्रश्नही एखाद्या अधीर तोंडातून बाहेर पडतो.

या प्रश्नाचे उत्तर क्रीडाजगताला फार मोठी किंमत मोजून मिळाले आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा नामांकित फुटबॉल संघ बेलग्रेडचा सामना आटोपून विमानाने परतत होता. इंधन घेण्यासाठी विमान जर्मनीतील म्युनिक येथे उतरले. हिमवृष्टी चालू होती, आणि धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा साचला होता. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. तिसऱ्या प्रयत्नात त्या राड्यामुळे विमानाला पुरेसा वेग घेता आला नाही. ते धावपट्टीच्या पलीकडे जाऊन आदळले. तेवीस माणसे प्राणास मुकली. त्यांत आठ उमदे खेळाडू होते. गंभीर जखमी झालेले प्रशिक्षक मॅट बझ्बी बरे होऊन पुन्हा कामाला लागले आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, त्यांच्या नव्या संघाने युरोपीय चषक जिंकला. तो विजय थोर खराच; पण त्या आठ जणांना तो पाहता आला नाही. चुकलेला सामना पुढच्या वर्षी पुन्हा खेळता येतो. एवढे ज्याला आठवते, त्याला धुक्यात हळू चालणाऱ्या गाडीचा राग येत नाही.

आणि थांबण्याची विद्या कबड्डीपटूला नवी थोडीच असते? चढाई करणारा अंगावर आला, की उतावळा बचावपटू झेप घेतो आणि बाद होतो. जाणता बचावपटू पाय रोवून उभा राहतो. एक पाऊल मागे घेतो. चढाईच्या तीस सेकंदांतील योग्य क्षण येईपर्यंत हात आवरून धरतो. मैदानावर जे तीस सेकंद साधायचे, तेच गाडीत तीस तास साधावे लागते, एवढाच फरक. अनुभवी क्रीडाशिक्षक म्हणूनच अशा वेळी उपदेश करीत बसत नाहीत. ते स्पर्धेच्या संयोजकांना दूरध्वनीवरून उशिराची खबर देतात आणि मुलांना आळीपाळीने डब्याच्या मधल्या वाटेत उभे करून पाय मोकळे करायला लावतात. अन्न आणि पाणी पुरवून वापरायला सांगायलाही ते विसरत नाहीत.

अन्नाचा प्रश्न या गाडीत सहसा अडत नाही, हे या वाटेचे वैशिष्ट्य आहे. सचखंड एक्सप्रेस येते तेव्हा वाटेतील काही स्थानकांवर शीख सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. नेहमीचे प्रवासी आपली ताटे-वाट्या बरोबर घेऊनच निघतात. गरम भाजी, खिचडी, कढी-भात, जे असेल ते हसतमुखाने वाढले जाते. कोण कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या पंथाचा, हे कोणी विचारत नाही. मोल तर नाहीच नाही. गाडीला उशीर झाला म्हणून भुकेलेला प्रवासी त्या दोन घासांनी तृप्त होतो. लातूरच्या धपाट्याचा शेवटचा तुकडा आणि पंजाबी कढी एकाच ताटात येतात. आपण घरापासून फार दूर आलो आहोत, ही जाणीव तेवढ्यापुरती पुसली जाते.

परंतु दूर गेलेल्या मुलाचे मन घरी असते, ते वेगळ्याच कारणाने. उत्तरेत धुके आणणारी ही हिवाळी आवर्तने कधी कधी मराठवाड्यालाही आपला हात दाखवतात. त्यांच्या प्रभावाने वरच्या थरात थंड वारे दक्षिणेकडे उतरतात. खालून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा येते. दोहोंची गाठ पडून उंचच उंच ढग उभे राहतात. त्यांतील पाण्याचे थेंब वर फेकले जातात, गोठतात, थरावर थर चढून जड होतात आणि गारा होऊन कोसळतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात अशी गारपीट झाली, की जाणत्या शेतकऱ्यांनीही तोंडात बोटे घातली. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली. गहू आणि हरभरा मातीत मिसळला. आंब्याचा मोहोर आणि द्राक्षांचे घड झडून गेले. संघातील बहुतेक मुले शेतकऱ्यांच्या घरची. आभाळ भरून आले, म्हणजे सामना लांबणार काय याची चिंता इतरांना; या मुलांना आठवते ती रानातील कणसे. त्यांच्या शिक्षणाचा खर्च, त्यांचे बूट, त्यांच्या प्रवासाचे पैसे त्या कणसांतूनच आलेले असतात. अशा घरातून आलेला मुलगा पराभवाने सहजासहजी खचत नाही. आलेले पीक गेल्यावर पुढच्या हंगामासाठी पुन्हा नांगर धरणारा बाप त्याने पाहिलेला असतो.

अखेर गाडी पोचते. कधी सामन्याला घटकाभराचा अवकाश असतो, कधी वेळ टळून गेलेली असते. अशा प्रसंगी समोरच्या संघाचीही कसोटी लागते. नियमावर बोट ठेवून पुढे चाल घ्यावी, की संयोजकांना सांगून सामना सायंकाळी खेळावा? नियमाप्रमाणे पहिली गोष्ट चुकीची नाही. तथापि रिकाम्या मैदानावर मिळवलेल्या विजयाने छाती भरून येत नाही, हे खरा खेळाडू जाणतो. जो संघ ‘येऊ द्या त्यांना, मग खेळू’ असे म्हणतो, तो कदाचित सामना हरेल. पण त्याला खेळ समजला आहे, असे खुशाल म्हणावे.

हे सौजन्य परत करण्याची संधी नांदेडकरांनाही लाभत असते. गुरू गोविंदसिंगांच्या नावाने नांदेडला अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते आणि उत्तरेकडचे संघ तीच लांबची वाट तुडवून गोदावरीकाठी येतात. त्यांची गाडीही धुक्यात अडकू शकते. त्यांचेही डोळे घड्याळाकडे लागत असतील. ज्याने स्वतः धुक्यात रात्र काढली आहे, तो अशा वेळी स्थानकावर गाडीची वाट पाहायला कंटाळत नाही. गाडी फलाटाला लागताच तो पुढे होतो, पाहुण्यांच्या हातातील जड पिशव्या घेतो, आणि ‘उशीर का झाला?’ असे न विचारता गरम चहाचा पेला त्यांच्यापुढे करतो.