थंडी उतरल्यावर

हेझी डबल आयपीएला, म्हणजे गढूळ, फळांच्या वासाच्या कडक बिअरला, पहिल्या घोटावर गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. टॅपखाली नुकताच भरलेला पेला चार-पाच अंशांवर असतो. एवढ्या थंडीत वास वर येत नाही, गोडवा दडून राहतो, अल्कोहोलचा चटका घशाला कळत नाही. उत्तम बिअर आणि जेमतेम बिअर तेव्हा जवळजवळ सारख्याच लागतात. मुंबईत बिअर बर्फगार मागायची रीत आहे, आणि मे महिन्यातल्या दमट दुपारी परळ स्टेशनापासून चालत आलेल्या माणसाला ती तशीच हवी असते, हे मला समजतं. पण चव पाहणाऱ्याने थांबायला हवं. पेला तळव्यात धरावा, आठ अंश, दहा अंश, बारा अंश अशी थंडी उतरू द्यावी आणि दर टप्प्यावर पुन्हा हुंगावं. आपल्या हवेत त्याला फार वेळ लागत नाही. या एका बाबतीत आपलं शहर परीक्षकाला सोयीचं आहे.

मी गुण मांडते तो तक्ता बीजेसीपीचा. १९८५ पासून अमेरिकेत बिअरचे परीक्षक घडवणारी ही संस्था. तक्ता ५० गुणांचा: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण मताला १०. ही वाटणी डोळ्यांसमोर ठेवली की हेझीबद्दलचा बराच गोंधळ निवळतो. लोक या बिअरचे फोटो काढतात ते तिच्या गढूळ, केशरी-पिवळ्या रंगासाठी. त्या रंगाचे पन्नासात तीन गुण. ओट्स आणि गव्हातली प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉलांना धरून तरंगत राहतात, त्यातून हा गढूळपणा येतो. तो ठरवून आणलेला असतो आणि उजेडात धरल्यावर आतून चमकतो. टाकीच्या तळाचं यीस्ट ढवळून आलेला गढूळपणा निस्तेज दिसतो आणि त्याला ओल्या पिठाचा वास येतो. दोन्हींतला फरक डोळ्यांपेक्षा नाक लवकर सांगतं.

ही हेझी आली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून. वॉटरबरी गावात जॉन किमिक यांच्या 'द अल्केमिस्ट' या पबमध्ये 'हेडी टॉपर' ही गढूळ, फळांच्या वासाची, आठ टक्क्यांची डबल आयपीए तयार झाली. २०११ साली आयरीन वादळाच्या पुरात पब गेला आणि त्याच सुमारास बिअर डब्यांत भरली जाऊ लागली. डब्यातूनच प्या, असं त्या डब्यावर छापलेलं असतं. वास आत टिकावा हा हेतू मी समजू शकते, पण गुण देणारीला पेल्यावाचून गत्यंतर नाही. डबल आयपीए त्याहून जुनी. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी विनी सिलुर्झो यांनी माल्ट आणि हॉप्स दोन्ही वाढवून ती केली होती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने हेझीचे तीन प्रकार आपल्या यादीत घेतले, त्यात डबलही होती.

त्याआधीची जी मूळ आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ती तर आपल्याच बंदरांकडे यायची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्टन गावची फिकट, कडक हॉप्सची बिअर पिंपांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचायची. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर. सल्फेटमुळे कडूपणाला धार येते. हेझीला उलटं पाणी लागतं, मऊ, क्लोराइडकडे झुकणारं, म्हणजे बिअर जिभेवर गोलसर बसते. तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून या शहराला मिळतं आहे. तलावांचं हे मऊ पाणी हेझीसाठी चांगली कोरी पाटी आहे. कॅल्शियम क्लोराइड मोजून घालायचं आणि पालिकेचं क्लोरीन कार्बन फिल्टरने काढून टाकायचं. ते नीट निघालं नाही तर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीचा वास येतो, आणि तो कुठलेही हॉप्स झाकू शकत नाहीत.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तोवर तयार कापड उजेडात धरून दोष शोधणं हे त्यांचं रोजचं काम. दोष दाखवून ते थांबत नसत. तो सूत काततानाचा की साच्यावरचा, हेही त्यांना सांगावं लागे, कारण दुरुस्ती तिथेच व्हायची. पुढे मिलच्या आवारांत दुसरे धंदे आले, आणि २०१३ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'द बार्किंग डिअर'ने स्वतःची बिअर गाळायला सुरुवात केली. ती मुंबईतली पहिली मायक्रोब्रुअरी. मी या कामात आले ती नंतर, पण वडिलांची पद्धत सोबत घेऊन आले. बिअरमध्ये काय बिघडलं एवढं लिहून परीक्षकाचं काम संपत नाही. ते कुठे बिघडलं हे सांगता आलं पाहिजे.

आणि ते सांगतं ऊबेचं माप. पेला दहा अंशांच्या वर गेला की लोण्याचा, गरम पॉपकॉर्नचा वास उठतो का, ते मी पाहते. तो डायअसिटिलचा. हेझीत त्याची भीती जास्त, कारण आंबवण संपत आल्यावर टाकीत हॉप्सचे ढीग ओतले जातात आणि हॉप्समधली विकरं उरलेली जड साखर तोडून यीस्टला पुन्हा कामाला लावतात. टाकी घाईने थंड केली तर ते लोणी बिअरमध्येच राहतं. म्हणून चांगला ब्रुअर टाकी थंड करण्याआधी थोडी बिअर साठ अंशांपर्यंत गरम करून हुंगतो. कांद्या-लसणाचा वास आला तर दोष बहुधा हॉप्सच्या त्या खेपेत असतो. जुन्या पुठ्ठ्याचा वास आला आणि रंग करडा पडला, तर बिअर भरताना हवा शिरलेली असते. नाकात स्पिरिटसारखी झिणझिण आली तर आंबवण तापलेलं असतं. चार अंशांवर यातलं फार थोडं कळतं.

नाक घडवायला मला मुंबईबाहेर जावं लागलं नाही. पहाटेच्या दादर फुलबाजारात झेंडूचा देठ चुरडून हुंगला की हॉप्सच्या हिरव्या, राळेच्या बाजूची ओळख पक्की होते. दवणा, मरवा, लिलीच्या जुड्यांवरचं पाणी, पायाखाली कुजणारा पाला, हे सगळं कधी ना कधी पेल्यात भेटतं. गिरगावात भाऊबीजेच्या आसपास पपनस येतं. त्याची साल आणि सालीखालचा पांढरा कडू गाभा मी वेगवेगळे हुंगते, कारण सिट्रा हॉप्सच्या बिअरमध्ये साल हवी असते आणि गाभा नको असतो. पिकल्या पेरूच्या वासात जी गंधकयुक्त द्रव्यं असतात, तीच थायॉल नावाची द्रव्यं काही हॉप्समध्येही असतात. आणि आंबा. 'आंब्याचा वास' एवढं लिहिलेला तक्ता मी परत पाठवते. कैरीच्या देठाचा चीक, पाडाचा आंबा, आढीत गवतात पिकलेला हापूस आणि उतरून आंबूस झालेला हापूस, हे चार वेगळे वास आहेत. चिकात मायर्सीन असतं आणि ते हॉप्सच्या तेलातलंही मुख्य द्रव्य. चीक जास्त आला तर बिअर अजून कच्ची आहे किंवा हॉप्स टाकीत जास्त वेळ राहिले आहेत. उतरलेला आंबा आला तर तिचे दिवस सरले आहेत. कोकणातल्या माणसाच्या घरात वाढलेल्या नाकाला हा फरक शिकवावा लागत नाही. त्याला फक्त लिहायची सवय लावायची असते.

चव पाहण्याआधी मी लालबागच्या चिवडा गल्लीतून जात नाही, मसाल्याच्या डंकांसमोरूनही नाही. मध्येमध्ये साधे कुरमुरे आणि पाणी. बिअर थुंकायची नसते, कारण तिचा कडूपणा गिळताना घशाशी उलगडतो. तेव्हा पेले छोटे ठेवायचे.

परळमधल्या एका छोट्या ब्रुअरीतली हेझी डबल परवा माझ्यासमोर आली. गाळणारा मुलगा लालबागचाच. अल्कोहोल ७.८ टक्के. इथे आपल्याकडचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार भारतात बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंतच अल्कोहोल चालतं. अमेरिकी वर्णनात डबल आयपीए साडेसातपासून दहापर्यंत जाते. आपल्या ब्रुअरला त्यातला अर्धा टक्का मिळतो.

"ताई, किती?" त्याने पहिल्या घोटालाच विचारलं.

"थांब जरा. थंडी उतरू दे."

थंड असताना अननस, पिकलेला पेरू, मऊ गोल अंग. आठ अंशांवर हापूस, आढीतला, अगदी स्वच्छ. लोणी नाही, पुठ्ठा नाही, झिणझिण नाही. आंबवण त्याने उत्तम सांभाळलं होतं. बारा अंशांकडे जाताना दोन गोष्टी वर आल्या. घशात हॉप्सची बारीक खरखर, जी थंड टाकीत आणखी काही दिवस ठेवल्यावर बसली असती. आणि गोडवा. गिळल्यावरही तो जिभेवर राहत होता, त्यामुळे तिसरा घोट घ्यावासा वाटेना. वास १०, दिसणं ३, चव १४, भरीवपणा ३, एकूण मत ६. बेरीज ३६, म्हणजे बीजेसीपीच्या भाषेत 'व्हेरी गुड'ची वरची कड. ३८ पासून 'एक्सलंट' सुरू होतं.

मुलगा आकड्याने खट्टू झाला नाही, गोडव्यावरून वाद घालू लागला. लोकांना आवडतो, म्हणाला. पहिल्या घोटाला आवडतो, हे मला मान्य आहे. पण डबल आयपीएत एवढे हॉप्स घालायचे आणि मग ते पाकाखाली गाडायचे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बिअर कोरडी संपली तरच हॉप्स शेवटपर्यंत ऐकू येतात.

"माल्टचं पाणी दोन-तीन अंश खाली ठेवलं तर यीस्ट जास्त साखर खाईल," तो म्हणाला, "पण मग आठच्या वर जाईल, ताई. परवाना जाईल."

अडचण खरी होती. मग आम्ही त्याची वही उघडली. सुरुवातीची घनता १.०८०, शेवटची १.०२०. गोडवा त्या शेवटच्या आकड्यात होता. अल्कोहोल ठरतं दोन आकड्यांतल्या फरकावर. सुरुवातच १.०७४ वर ठेवली आणि शेवट १.०१४ वर आणला, तर फरक तोच राहतो, अल्कोहोल आठच्या आत राहतं आणि गोडवा उतरतो. माल्ट कमी लागतं, तेही बरंच. अंग हलकं पडू नये म्हणून ओट्स तेवढेच ठेवायचे आणि क्लोराइड किंचित वाढवायचं. त्याने दोन्ही आकडे वहीत खोडून नवे लिहिले, हॉप्सनंतरची थंड टाकीतली मुदत वाढवली आणि धान्याची नवी मागणी नोंदवायला फोन उचलला.