बाईंचा आवाज

घरातली वस्तू बिघडली, की ती कोणाच्या कामाची आहे यावर तिची दुरुस्ती ठरते. ह्यांचा मोबाईल बिघडला तर संध्याकाळच्या आत दुकानात जातो. माझ्या लॅपटॉपचा आवाज बिघडला, तेव्हा मात्र "बघू पुढच्या महिन्यात!"

मी आठवड्यातून तीन दिवस घरूनच, लॅपटॉपसमोर बसून, मुलांना मराठी व्याकरण शिकवते. एक दिवस मुलं म्हणाली, "बाई, नुसती खरखर येतेय." मी दुसरा इअरफोन लावून पाहिला, तीच खरखर. लॅपटॉपची पिन लावायची खाचच खराब झाली होती. दुकानदार म्हणाला, "आतलं उघडावं लागेल, साडेतीन हजार." माझी महिन्याची कमाई जवळजवळ तेवढीच!

शेवटी भाच्यानं सांगितलं, "मावशी, बाहेरून लावायचं साउंड कार्ड घे." पेनड्राइव्हएवढी डबी असते. यूएसबीच्या खाचेत बसवली, की आवाजाचं सगळं काम तीच करते. बिघडलेल्या खाचेची गरजच उरत नाही. वेगळी वीजही लागत नाही.

घाईत आणलेली पहिली डबी फसली. तिला एकच भोक, तेही नुसतं ऐकण्याचं. माझ्या हेडफोनला पिना दोन: हिरवी ऐकण्याची, गुलाबी बोलण्याची. मुकाट्यानं बदलून आणली.

म्हणून सांगते, आधी आपली पिन पाहा. पिना दोन असतील तर दोन भोकांची डबी घ्या. पिन एकच असेल तर तिच्यावरच्या रेघा मोजा. तीन असतील तर ऐकणं-बोलणं एकातच. डबीही तशीच, माइक चालणारी हवी. दोनच असतील तर ती फक्त ऐकण्याची. डबी लावल्यावर सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी, दोन्हीकडे तिचंच नाव निवडायला विसरू नका. दुकानदार ४८ व्होल्टचं, हजारोंचं यंत्र दाखवील. ते गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांच्या मोठ्या माइकसाठी. शिकवायला नको.

माझी डबी २८० रुपयांना आली, माझ्याच शिकवणीच्या पैशांतून. दुसऱ्या दिवशी समास शिकवताना एक मुलगी म्हणाली, "बाई, आता स्पष्ट ऐकू येतंय."

रात्री ह्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात आणणारच होतो ना?"

मी म्हटलं, "हो. पण माझा वर्ग या महिन्यात होता."