जाहीरनाम्यात सापडलेलं आमचं घर

निवडणुकीचा जाहीरनामा अथपासून इतिपर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला तो 2024 च्या लोकसभेला, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय! आम्ही लोह्याचे. जिल्हा नांदेड, बाजार नांदेडचा, मोठा दवाखाना नांदेडचा, पण खासदार लातूरचा. लोहा विधानसभा लातूर लोकसभेत मोडते. त्यामुळे नांदेडकरांनी 26 एप्रिलला मत टाकलं आणि आमच्या बोटाला शाई लागली 7 मे रोजी. एका बाजूला भाजपचे सुधाकर शृंगारे, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे, पेशाने डोळ्यांचे डॉक्टर. डॉक्टरच उभा राहिलाय म्हटल्यावर वाटलं, बघू तरी पक्षाने दवाखान्याबद्दल काय लिहिलंय. एकाचं वाचलं, मग दुसऱ्याचंही घेतलं.

काय काय होतं त्यात! काँग्रेसचं न्यायपत्र 5 एप्रिलला आलं. राजस्थानच्या धर्तीवर 25 लाखांपर्यंत रोकडरहित उपचार, आणि देशभर किमान मजुरी दिवसाला 400 रुपये, रोजगार हमीच्या कामालासुद्धा. तेव्हा महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता 297. मी तिथंच हिशेब मांडला. दिवसामागे 103 रुपये जास्त, शंभर दिवस काम मिळालं तर वर्षाला 10,300! भाजपचं संकल्पपत्र 14 एप्रिलचं. त्यात सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घ्यायचं वचन. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं एकेक करून उभी राहिली.

वाचता वाचता एक गोष्ट लख्ख दिसली. मजुरी आणि आजारपण ही दोन प्रकरणं कागदावर वेगळी आहेत, मजुराच्या घरात ती एकच आहेत. माय नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात भरती झाली की तिचा खाडा, उशाशी बसलेल्या लेकीचा खाडा, डबा घेऊन रोज नांदेड गाठणाऱ्याचा अर्धा खाडा. ऑपरेशन योजनेत फुकट झालं तरी या खाड्यांचे पैसे कोण देणार? कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा आहे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. सोयाबीन काढणाऱ्या बाईला, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला हे का नको? माझ्या मते पुढच्या प्रत्येक उमेदवाराला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

आणि मग मागे मागे शोधत गेलो तर आनंदाने उडायचंच बाकी राहिलं. रोजगार हमी ही आपली! वि. स. पागे यांची कल्पना, 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरलेली, 1977 ला कायदा. आमच्या आजीच्या पिढीने खडी फोडली, पाझर तलाव खोदले, तीच योजना पुढे 2005 मध्ये देशाचा कायदा होऊन दिल्लीहून परत आली. फेब्रुवारी 2006 मध्ये तो ज्या पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला त्यात नांदेड! जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यातही नांदेड! पुढे तिचंच नाव महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना झालं. रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे उभं राहणं आमची माणसं बाकी राज्याच्या आधी शिकलीत, हे मला कुणी शाळेत का नाही सांगितलं?

नांदेडच्या त्याच विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. म्हणून नुसत्या विम्याच्या आकड्यावर माझं समाधान होत नाही. कार्ड खिशात आहे, पण वॉर्डात नर्स हवी, औषध हवं, डॉक्टर हवा.

आरोग्य तर राज्याचा विषय, खासदार त्यात काय करणार, असं सगळे म्हणतात. पण ‘दिशा’ नावाची जिल्हा समिती असते, 2016 पासून. अध्यक्ष खासदार, बैठक दर तिमाहीला. आणि तिने आढावा घ्यायच्या योजनांच्या यादीत रोजगार हमीसुद्धा आहे आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानसुद्धा! रोजगार हमीचं हजेरी-मस्टर आणि दवाखाना एकाच टेबलावर, एकाच दिवशी, जिल्हाधिकाऱ्यांसमोर! शिवाय लोकसभेत बैठकीच्या दर दिवशी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्नांची यादी लागते. मंत्र्यांची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. मी रात्र रात्र वाचत बसलो.

जिंकले डॉ. काळगे. केंद्रात त्यांच्या पक्षाचं सरकार आलं नाही, त्यामुळे 400 रुपये कागदावरच राहिले. सत्तरीचं वचन मात्र 29 ऑक्टोबर 2024 ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, खरंच योजना होऊन आलं. संकल्पपत्रातली ओळ सहा-सात महिन्यांत कार्ड झाली! दोन्ही जाहीरनामे आता माझ्या कपाटात आहेत, आणि ‘दिशा’च्या बैठकीसाठी खासदारांना द्यायचा कागद लिहून तयार आहे. त्यात दोनच प्रश्न आहेत. कायद्याने पंधरा दिवसांत जमा व्हायची मजुरी लोहा तालुक्यात किती मस्टरची थकली आहे? आणि विष्णुपुरीच्या दवाखान्यात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती?