तळमजल्यावरच्या ताई

पाळणाघराच्या काकूंची एकच अट होती, बाळाला बाटली लावायची नाही. डोंबिवलीत आपल्या दोन खोल्यांत त्या सात-आठ मुलं सांभाळत. "बाटलीतून आयतं येतं, मग पोर अंगावर ओढायला कंटाळतं," असं म्हणत त्यांनी फडताळातून स्वतःच्या मुलांचं चांदीचं बोंडलं काढलं. माझी लेक त्यांच्याकडे दिवसभर त्या बोंडल्यानंच दूध प्यायली.

साल 2005. मार्चमध्ये ती जन्मली. तेव्हाच्या कायद्यानं रजा 12 आठवड्यांची, त्यातले काही बाळंतपणाआधीच संपलेले. मे सरायच्या आत मी फोर्टातल्या ऑफिसात हजर झाले. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोनदा दूध पाजायला वेळ द्यावा, हेही 1961 पासून कायद्यात आहे. पण बाळ डोंबिवलीत आणि मी पन्नासेक किलोमीटरवर. त्या वेळात मी पाजणार कुणाला?

दूध काढायला ऑफिसात जागा नव्हती. हिशेब विभागातल्या, माझ्याहून पुष्कळ मोठ्या एका मॅडमनी जुन्या फायलींच्या खोलीची किल्ली मिळवली. "छाती भरलेली ठेवलीस तर दूध आटेल. रिकामी करत राहा, म्हणजे पुन्हा भरेल," हे मला त्यांनी सांगितलं, आणि मी आत असेपर्यंत त्या दाराबाहेर उभ्या राहत. काढलेलं दूध उकळलेल्या स्टीलच्या डबीत, डबी बर्फ घातलेल्या थर्मासात, आणि थर्मास लेडीज डब्यात माझ्या मांडीवर. काकू ती डबी फ्रीजमध्ये ठेवत, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धरून दूध कोमट करत. दुपारी चारनंतर मात्र त्या लेकीला दोन-चार घोटांवर दूध देत नसत. मी संध्याकाळी पोचले की म्हणायच्या, "घे, तुझ्यासाठी भूक राखून ठेवलीय." माझं दूध टिकलं ते या राखलेल्या भुकेमुळे, हे मी आजही ठामपणे सांगेन. अळिवाचे लाडू मीही खाल्ले, पण लाडवांपेक्षा बाळाच्या ओढण्यानं दूध उतरतं.

मग 26 जुलै आला. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर सगळ्यांच्या तोंडी झाला. लोकल बंद, फोन लागेनात. नवरा अंधेरीत अडकलेला, सासूबाई गावी. रात्र ऑफिसात काढली. छाती दगडासारखी घट्ट झाली होती, अंगात कणकण. मॅडमनी पॅन्ट्रीतल्या पाण्यात रुमाल बुडवून शेकलं. मी काढलेलं दूध बेसिनमध्ये ओतत होते आणि तिकडे चार महिन्यांची माझी पोर काय पीत असेल, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनानं आणि बरंचसं पायी, रात्री घर गाठलं. लेक काकूंजवळ गाढ झोपलेली. वीज गेली होती, फ्रीजमधल्या दुधाचा भरवसा वाटेना म्हणून काकूंनी ते टाकून दिलं होतं. तळमजल्यावर एक भाडेकरू कुटुंब होतं, त्यांचा मुलगा सहा महिन्यांचा. पाणी शिरल्यामुळे तेही वर काकूंकडेच आले होते. काकूंनी त्या ताईंना विचारलं, आणि ताईंनी माझ्या लेकीला अंगावर घेतलं. त्या रात्री आणि दुसरा पूर्ण दिवस.

कुणाचंही दूध असं परस्पर पाजू नये, आधी तपासण्या हव्यात, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. तिथे दात्या आयांच्या तपासण्या होतात, दूध पाश्चराइझ करून मगच दुसऱ्याच्या बाळाला देतात. पण त्या रात्री शीवलाही पाणीच पाणी होतं, आणि माझ्या लेकीपाशी ताई होत्या.

2017 पासून रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. माझ्या भाचीला ही रजा मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण काकूंसारख्या, घरातच पाळणाघर चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांचा हिशेब कोणत्या कायद्यात मांडलाय? मी महिन्याला त्यांना देत होते ते पैसे आठवले, की आजही ओशाळं वाटतं.

पाणी ओसरल्यावर मी साडी आणि नारळ घेऊन ताईंकडे गेले. त्यांचं सामान अजून गॅलरीत वाळत होतं. साडी त्यांनी घेतली, लेकीला हात पुढे करून मांडीवर घेतलं. मी विचारलं, "तुमच्या मुलाला पुरलं का हो?"

"तो रोजचाच," त्या म्हणाल्या. "ही आईवाचून होती, म्हणून हिला आधी घेत होते. उरलं ते त्याला, वर थोडी पेज."

हे मला काकूंनी सांगितलं नव्हतं.