रंग जुळविणें

आमच्या घरांतील बायकांचा दुकानदारावर विश्वास नाहीं असें नव्हे. पण पोलक्याचें कापड घेतांना दुकानांतल्या दिव्यावर त्या मुळींच विश्वास ठेवीत नाहींत. पुण्यांत लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या मॅचिंगच्या दुकानाच्या पायरीवर घटकाभर उभें राहावें. एका हातांत साडीचा पदर व दुसऱ्या हातांत कापडाचा तुकडा धरून, डोळे बारीक करून, बाहेरच्या उजेडांत दोन्हीकडे आळीपाळीनें पाहणारी एखादी तरी गृहिणी दिसल्यावांचून राहणार नाहीं. आंत तंतोतंत जुळलेला मोरपंखी रंग बाहेर आला कीं निराळाच होतो. पुरुषमंडळी ह्याला चोखंदळपणा म्हणतात, व फारच कंटाळलीं तर वेळकाढूपणाहि म्हणतात. वस्तुतः ह्या प्रकाराला शास्त्रांत मेटॅमेरिझम असें नांव आहे. दोन वस्तूंतील रंगद्रव्यें भिन्न असूनहि एका विशिष्ट उजेडांत त्या डोळ्याला सारख्या दिसतात. उजेड बदलला कीं त्यांतील भेद उघडा पडतो. गेल्या वर्षीं एका प्लॅस्टिकच्या झाकणानें आमच्या घरांतील समस्त पुरुषवर्गाला हा धडा गिरवावयास लाविला, तो प्रकार वाचकांस सांगण्याजोगा आहे.

आमची मोटार १९९८ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत मध्यम स्थितींतील असंख्य कुटुंबांची पहिली मोटार हीच होती. आमचीहि ती पहिलीच. ती घेतली नानांनीं, पण चालविली मुख्यत्वें आमच्या मातोश्रींनीं. वयाच्या बावन्नाव्या वर्षीं त्या मोटार चालवावयास शिकल्या आणि पुढें निवृत्त होईपर्यंत तीच घेऊन शाळेंत जात होत्या. त्यांना जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यापुढें गाडीची तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्याप्रमाणें २०१३, २०१८ व २०२३ असें तीन वेळां झालें. प्रत्येक वेळीं आमचे थोरले बंधु "आतां पुरे, भंगारांत द्या" असें म्हणतात, आणि प्रत्येक वेळीं नाना वर्तमानपत्र तोंडासमोर धरतात. सत्याऐंशी वर्षांच्या माणसाशीं वर्तमानपत्राच्या आडून वाद घालतां येत नाहीं.

गेल्या मे महिन्यांत ह्या गाडीच्या डॅशबोर्डांतील कप्प्याच्या झाकणाची बिजागरी तुटली. सव्वीस-सत्तावीस उन्हाळे खाल्लेलें प्लॅस्टिक कुरकुरीत होतें. त्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु झाकण पडूं लागलें तें नेमकें शेजारच्या आसनावर बसणाऱ्याच्या, म्हणजे नानांच्या, गुडघ्यावर. नाना दोनच शब्द बोलतात, पण मोजून बोलतात. ते म्हणाले, "गाडी द्यायची तर देऊन टाका, पण हें असें तोंड वासलेलें ठेवूं नका."

कंपनीचें झाकण मिळेना. नाना पेठेंत दोन सकाळ हिंडल्यावर एक 'लोकल' झाकण मिळालें. बसावयास तें बरोबर होतें, परंतु रंग निळसर करडा; आमच्या गाडीचा अंतर्भाग मूळचाच उबदार करड्याकडे झुकणारा, आणि उन्हानें आणखी पिवळट झालेला. जागेवर लाविलें तेव्हां पांढऱ्या दाढींत एक काळा केंस दिसावा तसें तें दिसलें. आमच्या पुतण्यानें तोड सुचविली, कीं सबंध डॅशबोर्डच काळाभोर रंगवून टाकावा. एका झाकणासाठीं सारा जुना डॅशबोर्ड बदलणें म्हणजे पाहुणा आला म्हणून घराचा उंबरा बदलण्यासारखें आहे, असें आमचें मत. तें आम्हीं बोलूनहि दाखविलें.

तेथेंच आमच्या आत्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नव्यानें जुन्याच्या रंगांत मिसळावें, हीच आपली रीत." बोलतांना त्यांची दृष्टि झाकणाकडे नव्हती. ती होती आमच्या पुतण्याच्या पत्नीकडे, म्हणजे सूनबाईंकडे. लग्नाला त्या वेळीं पांच महिने झाले होते. माहेर इंदूरचें, शिक्षण रसायनशास्त्राचें, आणि नोकरी रंगलेपांच्या प्रयोगशाळेंत. पांच महिन्यांत त्यांच्या पोळीचा आकार, फोडणींतील साखर व बोलण्यांतील माळवी हेल, ह्या सर्वांवर घरांत एकदां तरी चर्चा होऊन गेली होती. खोलींत क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग सूनबाईंनीं झाकण उचलून उलटें केलें आणि शांतपणें म्हणाल्या, "मिसळेल, आत्याआजी. पण तें कशाचें बनलें आहे, हें आधीं त्याला विचारावें लागतें. न विचारतां दिलेला रंग महिन्याभरांत सालीसारखा सुटून येतो."

नानांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें. "मग विचार," ते म्हणाले.

मोटारीच्या प्लॅस्टिकच्या भागांमागें पुष्कळदां कंसांत अक्षरें उमटविलेलीं असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. एबीएस हें दुसरें, जास्त कडक व रंगाला अनुकूल असें प्लॅस्टिक. आमच्या झाकणाच्या पाठीवर कांहींच नव्हतें. तेव्हां दुकानदाराकडून फुकट आणलेल्या, कोपरा तुटलेल्या दुसऱ्या तशाच झाकणाचा तुकडा सूनबाईंनीं स्नानगृहांतील बादलींत टाकला. तो तरंगला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें, एबीएस जड. तरंगलें तें बहुधा पहिलें. उलट, बुडालें म्हणजे मात्र निकाल लागला असें समजूं नये. पॉलिप्रॉपिलीनमध्यें शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली असली तर तेंहि बुडतें.

हें पॉलिप्रॉपिलीन मोठें अलिप्त वृत्तीचें द्रव्य आहे. अळूच्या पानावर पाणी टाकलें असतां तें पसरत नाहीं, थेंब होऊन घरंगळतें. रंगाची ह्या प्लॅस्टिकावर थोडीफार तीच गत होते. त्याच्या पृष्ठभागाला दुसऱ्या द्रव्याची ओढच कमी. कारखान्यांत मोटारीचे बंपर रंगविण्यापूर्वीं त्यांवरून क्षणमात्र ज्वाळा फिरवितात, तें पृष्ठभागावर ही ओढ उत्पन्न करण्यासाठींच. घरीं हा प्रयोग कोणीं करूं नये. त्याऐवजीं बाजारांत पकड आणणारा एक पारदर्शक द्राव मिळतो. त्यांतील रेझिन अर्धें प्लॅस्टिकाच्या जातीचें व अर्धें रंगाच्या जातीचें असतें. दोन्ही घरचें नातें असलेल्या मध्यस्थासारखें. त्याचा अगदीं पातळ हात द्यावयाचा आणि डब्यावर दिलेल्या मुदतीच्या आंत त्यावर रंग चढवावयाचा.

पण त्याच्याहि आधीं धुणें आलें. सांचा सुटावा म्हणून कारखान्यांत लाविलेलें तेलकट द्रव्य नव्या भागावर राहिलेलें असतें, आणि जुन्या भागांवर चकाकी आणणाऱ्या पॉलिशचें सिलिकोन बसलेलें असतें. तें राहिलें तर रंगांत माशाच्या डोळ्यांसारखे वाटोळे खळगे पडतात. म्हणून भांडीं घांसण्याच्या साबणानें धुवून, वाळवून, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलनें पुसावें. पेट्रोलनें पुसण्याची पुष्कळांना संवय असते; तें मागें तेलकट थर ठेवतें, आणि एबीएसला तर त्यानें तडे जाण्याचें भय असतें. नंतर ६०० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हातानें फिरवून चकाकी मोडावयाची. अधिक खरखरीत कागद घेतला तर ओरखडे रंगाखालूनहि दिसतात.

सूनबाईंनीं तुटक्या झाकणाचे दोन तुकडे रंगविले. एकाला मध्यस्थ द्राव दिला, दुसऱ्याला दिला नाहीं. आठ दिवसांनीं सर्व मंडळींसमोर त्यांनीं दोहोंवर पात्यानें बारीक जाळी कापली, चिकटपट्टी दाबून बसविली आणि ओढली. बिनद्रावाच्या तुकड्यावरील रंग पट्टीबरोबर सबंध निघून आला. दुसऱ्यावरील एक चौकोनहि हलला नाहीं. आत्यांनीं तो तुकडा हातांत घेऊन नखानें खरवडून पाहिला, आणि त्या कांहीं बोलल्या नाहींत. ज्यांना आमच्या आत्या ठाऊक आहेत त्यांना ह्याचा अर्थ कळेल.

आतां रंगाची गोष्ट. काळा व पांढरा मिसळला कीं करडा होतो, अशी आमची समजूत होती. होतो खरा, पण थंड, निळसर. त्याला उबेवर आणण्यासाठीं पिवडीच्या व गेरूच्या जातीच्या रंगांचे थेंब घालावे लागतात, आणि तेहि मोजून. नमुना ओला असतां पाहून उपयोग नाहीं. वाळल्यावर छटा बदलते. शिवाय जुळवावयाचें कशाशीं? कांचेजवळचा डॅशबोर्ड अधिक विटलेला, खालचा कमी. झाकण जेथें बसावयाचें त्याच्या अगदीं शेजारच्या पट्टीशीं, हा सूनबाईंचा निर्णय. चकाकीचेंहि तसेंच. एकच रंग चकचकीत असला कीं गडद दिसतो आणि मंद असला कीं फिका. डॅशबोर्ड मंदच हवा. नाहींतर त्याचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडून चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें नाचतें.

सात नमुने झाले. ते घेऊन सूनबाई, पुतण्या, बंधु व आम्ही सकाळच्या उजेडांत, दुपारच्या सावलींत, रात्रीं जिन्यांतल्या दिव्याखालीं गाडीभोवतीं फिरलों. वहिनी गच्चींतून पाहून हंसत होत्या. चवथा व सहावा असे दोन नमुने उरले, आणि नानांना बोलाविण्यांत आलें.

नानांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वीं झाली होती. डाव्याची करावी म्हणून डॉक्टरांनीं व आम्हीं कितीदां सांगितलें, पण "एक पुरेसा आहे" ह्यापलीकडे गाडी जात नव्हती. त्यांनीं चवथा नमुना पट्टीला लावून पाहिला, मग एक डोळा झांकला, मग दुसरा. "डाव्यानें दोन्ही सारखे दिसतात," ते म्हणाले, "उजव्यानें चवथा निळा आहे."

सूनबाईंनीं सांगितलें, कीं हें अगदीं बरोबर आहे. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळें होत जातें व निळा प्रकाश अडवितें. माणसाला तें कळत नाहीं, कारण सारें जगच हळूहळू पिवळें झालेलें असतें. भिंग बदललें कीं निळा रंग परत येतो. फ्रान्समधील प्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने ह्यांच्या एका डोळ्यावर १९२३ सालीं अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हां दोन डोळ्यांना दिसणारे दोन निराळे रंग पाहून ते फार त्रस्त झाले होते. मग त्यांनीं विचारलें, "नाना, कोणत्या डोळ्याला जुळवूं?"

आम्हांला वाटलें, नाना रागावतील. ते बराच वेळ चाकावर हात ठेवून बसले. ज्या दिवसांत मातोश्री ही गाडी चालवीत, त्या दिवसांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर तो पिवळा पडदा हळूहळू चढत होता, हें आमच्या मनांत आलें. त्यांच्याहि आलें असावें. अखेर ते म्हणाले, "उजव्याला. डाव्याची मर्जी आणखी किती दिवस राखायची? पावसाळा संपला कीं तोहि करून घेऊं." बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. दोन वर्षें सर्वांनीं मिळून जें झालें नाहीं तें एका झाकणावर उरकलें.

सहावा नमुना ठरला, तरी रंग लावावयास तीन आठवडे थांबावें लागलें, कारण आषाढ लागला होता. रंगांतील थिनर उडतांना पृष्ठभाग थंड होतो, जसें माठांतलें पाणी होतें. हवा दमट असली कीं त्या थंडाव्यावर बाष्प जमून रंगावर पांढुरकी साय येते. एक कोरडा, उन्हाचा दिवस साधून सूनबाईंनीं फवारा वीतभर अंतरावरून धरला आणि तीन पातळ हात दिले. एकच जाड हात दिला असता तर ओघळ आले असते व झाकणावरील चामड्यासारखी नक्षी बुजली असती.

नव्या गाड्या असणाऱ्यांना एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. ज्या आवरणाखालीं एअरबॅग असते तें कधींहि रंगवूं नये. तें ठराविक जागीं ठराविक रीतीनें फुटावें असें केलेलें असतें; रंगाच्या थरानें त्यांत फरक पडूं शकतो, आणि सुटलेले कपचे माणसाच्या तोंडावर येतात. आमच्या गाडींत एअरबॅग नाहींच, आणि बंधूंच्या भंगाराच्या मुद्द्यांतील सर्वांत वजनदार मुद्दा तोच आहे, हें आम्हांला मान्य करावें लागतें. गाडी आतां गांवाबाहेर नेत नाहींत.

नानांचा डावा डोळा कार्तिकांत झाला. झाकण दिवसां ओळखूं येत नाहीं. पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या दिव्यांत किंचित् हिरवट दिसतें, आणि तें फक्त सूनबाईंना व आत्यांना दिसतें. त्यावर दोघींची चर्चा होते. फोडणींत साखर घालावी कीं नाहीं हा वाद अद्याप मिटलेला नाहीं; घरांत आतां दोन प्रकारची आमटी होते. २०२८ सालीं नोंदणीचा प्रश्न पुन्हा येईल. उरलेला रंग सूनबाईंनीं एका लहान बाटलींत भरून, वर 'नमुना सहावा' अशी चिठ्ठी व तारीख लावून, नानांच्या कपाटांत ठेवून दिला आहे.