हँडल

सक्करदऱ्याच्या चौकात सकाळी घटकाभर उभे राहिले, म्हणजे मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही, हे कोणालाही पटावे. उमरेड रस्त्याने कामावर निघालेले कारागीर, भाजीची पोती लादून बाजार गाठणारे विक्रेते, मुलांना शाळेत पोहोचविणारे पालक, सारा संसारच जणू दोन चाकांवर तोल सांभाळीत चाललेला असतो. त्या तोलाची किल्ली हँडलात असते. घोडा उधळला तरी स्वाराच्या हाती निदान लगाम राहतो. हँडलच दगा देऊ लागले, तर स्वाराच्या हाती काहीच उरत नाही.

येथील एका तरुणाची गाडी एकदा खडीवरून घसरली. त्याला इजा फारशी झाली नाही. परंतु हँडल वाकले. दुकानात चौकशी करता, नव्या हँडलाच्या किमतीखेरीज मजुरीही द्यावी लागेल, असे कळले. ‘चार बोल्ट काढावयाचे आणि चार लावावयाचे, एवढ्यासाठी मजुरी कसली?’ असे मनाशी म्हणत त्याने मूळच्याच मापाचे हँडल तेवढे विकत घेतले आणि रविवारी सकाळी अंगणात गाडी उभी केली. पाने हाती देण्यास धाकटी बहीण होतीच.

काम दिसले तेवढे सोपे नव्हते. आरसे निघाले, क्लच व ब्रेक यांचे दांडे सुटले. पण रबरी मुठी काही केल्या हलेनात. अखेर साबणाचे पाणी आत सोडले, तेव्हा त्या घसरून आल्या. जुने हँडल निघाले, नवे बसले. घामाघूम झालेल्या त्या तरुणाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो पैसे वाचल्याचा नव्हता. इतकी वर्षे जी वस्तू तो केवळ वापरीत होता, ती आज त्याला प्रथमच समजली होती.

एवढ्यात शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणाशी आले. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये, ती बंद पडेपर्यंत, त्यांनी फिटरचे काम केले होते.

“झालं का रे काम?”

“झालं, काकाजी. चारही बोल्ट पक्के कसले.”

“बरं. आता गाडी न्यूट्रलमधी सुरू कर, आन् हँडल डावीकडे पुरं फिरव.”

हँडल डावीकडे वळताच इंजिनाचा आवाज चढू लागला. मूठ कोणी पिळली नव्हती. ॲक्सिलरेटरची तार भलत्याच वाटेने नेल्यामुळे वळताना ती ताणली जात होती. एखाद्या चौकात, वेग आवरण्याच्या नेमक्या क्षणी, गाडी पुढे झेपावली असती. तरुणाने नकळत बहिणीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मागच्या आसनावर तीच बसणार होती.

“बोल्ट कसला म्हंजे काम संपलं असं नसते, राजा,” म्हातारबाबा म्हणाले. “तो सुटला तं काय होईन, याचा इचार करून कसावा लागते.”

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत एक प्रसंग सांगितला आहे. प्रिटोरियात एका इंग्रज केशकर्तनकाराने तुच्छतेने त्यांचे केस कापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे कसेबसे साधले, मागचे बिघडले आणि न्यायालयातील मित्र पोट धरून हसले. त्या चुकीची किंमत थोड्या हास्याइतकीच होती. आपल्या हाताने काम शिकणाऱ्याने प्रथम हाच हिशेब करावा: चूक झाली, तर जग हसेल, की कोणी रडेल?

तरुणाने तार पुन्हा तिच्या मूळ वाटेने नेली. बोल्टही सैल करून आळीपाळीने थोडेथोडे कसले, म्हणजे पकडीचा दाब सर्वत्र सारखा बसतो. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहिले. इंजिनाचा सूर ढळला नाही. तरीही सोमवारी सकाळी बहिणीला मागे बसविण्यापूर्वी तो गाडी हाताने ढकलीत दुकानात गेला आणि सारे बोल्ट मापाच्या पान्याने तपासून घेतले. तपासणीची मजुरी त्याने घासाघीस न करता दिली.

तो हरला, असे कोणी म्हणू नये. स्वावलंबन म्हणजे जाणत्या माणसाची मजुरी चुकविणे नव्हे. जे येते ते आपल्या हाताने करावे, जे येत नाही ते शिकावे. परंतु ज्या कामावर दुसऱ्याचा जीव विसंबलेला असतो, ते जाणत्या नजरेखालून घालण्यात कमीपणा मानू नये. मजुरी केवळ बोल्ट फिरविण्याची नसते. तो किती फिरवावा हे जाणण्याची, आणि त्याचा जाब देण्याचीही ती असते.